‘जिमी जिमी’ बसवताना

सदाशिव पेठ, पुणे

चि. रेवास अनेक आशीर्वाद.

गॅदरिंगला ‘जिमी जिमी’ बसवताय, फार छान. पण गळ्यात खोट्या सोन्याच्या साखळ्या घालून त्याचे संगीतकार बप्पी लाहिरी यांची नक्कल करायची, हे काही पटलं नाही. इथे सवाई गंधर्व महोत्सवाला नेमाने जाणारी मंडळीही त्यांचं नाव काढलं की नाक मुरडतात. आधी ते गाणं नीट वाजवून तर बघा.

डिस्कोचा ठेका सोपा वाटतो, म्हणूनच बिघडतो. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) चारही मात्रांवर, स्नेअर (काठीने वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम) दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर, आणि दोन मात्रांच्या बरोबर मध्ये हाय-हॅट (झांजांची जोडी) जराशी उघडून लगेच मिटायची. ती बंदच राहिली तर नुसती कवायत ऐकू येते. मेट्रोनोम 120 वर लावून आधी फक्त ड्रम्स आणि बेस बसवा. बेसवर खालचा सा, वरचा सा आलटूनपालटून, प्रत्येक स्वर तोडून. लांबवला की किक बुडते. ड्रमरला दर ओळीच्या शेवटी रोल मारावासा वाटेल. मारू देऊ नकोस, लय पुढे पळते. पथकात ताशा कितीही चढला तरी ढोलाचा ठोका कसा धरून ठेवायचा, हे तुला मी काय सांगणार!

हा ठेका बांधणारा माणूस, म्हणजे बप्पीदा, तिसऱ्या वर्षापासून तबला वाजवत होता. ‘ऐतबार’मधली (1985) भूपिंदर-आशाबाईंची ‘किसी नज़र को तेरा इंतज़ार’ ही गझल ऐक. चालही त्यांचीच, आणि वाद्यं किती मागे ठेवलीत बघ. शब्दांना पुरेपूर जागा मिळते.

त्यांना चालचोर म्हणतात, त्यात तथ्य आहे. ‘डिस्को डान्सर’मधलं (1982) ‘औवा औवा’ बगल्स या ब्रिटिश बँडच्या गाण्यावरून उचललेलं आहे. पण तोच सिनेमा सोव्हिएत संघात तुफान चालला, आणि त्यातलंच तुमचं ‘जिमी जिमी’ 2007 मध्ये एम.आय.ए. या ब्रिटिश गायिकेने नव्याने गायलं. बप्पीदांनी लताबाईंकडून गाऊन घेतलेल्या ‘थोडा रेशम लगता है’चा तुकडा तर 2002 मध्ये एका अमेरिकन गाण्यात न विचारता वापरला गेला. लॉस एंजलिसच्या कोर्टाने बप्पीदांचं श्रेय छापल्याशिवाय सीडी विकायला मनाई केली.

मूळ ‘जिमी जिमी’ पार्वती खान यांनी गायलंय. तुमच्या गायिकेला सांग, आवाज सरळ लाव, हेल काढू नकोस. आणि निवेदनात संगीतकाराचं नाव नीट, पूर्ण घ्या.

तुझे,
बाबा