रोपे नकोत, बियाणे गोळा करणारे हात हवेत

सप्रेम नमस्कार.

आमच्या वनसंवर्धन समितीकडे मदत म्हणून सर्वांत जास्त काय येत असेल, तर रोपे. लोक हौसेने टेम्पो भरून पाइनची रोपे आणून देतात. भावना मोलाची आहे, पण यंदा स्पष्टच सांगतो: जुन्या जंगलात लावण्यासाठी रोपे आणू नका. रोपवाटिकेतली हजार रोपे अनेकदा हाताशी आलेल्या मोजक्याच झाडांच्या बियांची असतात. ती झाडे कुठल्या डोंगरावरची, हे विचारले तर उत्तर मिळत नाही. अशी रोपे वयात आली की त्यांचे पराग वाऱ्याने जुन्या झाडांपर्यंत पोचतात आणि इथल्या मातीला, इथल्या थंडीला सरावलेले वाण हळूहळू भेसळते.

आम्हाला हवे आहे ते याच जंगलातले बियाणे, निदान पन्नास वेगवेगळ्या झाडांचे.

एवढा आग्रह कशासाठी? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेत बाहेरून तांबेऱ्याची एक बुरशी आली आणि एका जुडग्यात सुईसारखी पाच पाने असणाऱ्या पाइनची जंगलेच्या जंगले तिने झोडपली. तरी शुगर पाइनची काही तुरळक झाडे तगली, कारण या बुरशीला दाद न देणारे जनुक त्यांच्यात होते. नुसते खोड बघून हे कोणाला कळले नसते. झाडाझाडाच्या बियांची रोपे करून, त्यांना मुद्दाम बुरशीची लागण करून ते शोधावे लागले. उलट उदाहरण कॅलिफोर्नियाच्या टॉरी पाइनचे. नैसर्गिकरीत्या तो दोनच ठिकाणी उरला आहे, किनाऱ्यावर आणि एका बेटावर. १९८०च्या दशकात त्याच्या प्रथिनांची तपासणी झाली (जनुकांतला फरक प्रथिनांत उमटतो), तेव्हा एकाच ठिकाणच्या झाडांमध्ये आपसांत काही फरकच सापडला नाही. तिथे उद्या अशी साथ शिरली, तर कोणते झाड तगेल?

संख्येने झाडे भरपूर, म्हणजे जंगल सुरक्षित, हा समजही सोडायला हवा. रेडिएटा पाइनची लागवड न्यूझीलंड, चिली, ऑस्ट्रेलियात लाखो हेक्टरवर आहे. मूळची नैसर्गिक वस्ती मात्र फक्त पाच ठिकाणी. १९७८मध्ये त्या पाचही ठिकाणी जाऊन बियाणे गोळा केले गेले, म्हणून तो ठेवा आज हाताशी आहे. त्यातल्या ग्वाडालूप बेटावर शेळ्यांनी कित्येक पिढ्या एक रोप वर येऊ दिले नव्हते; जुनी झाडे तेवढी उरली होती. शेळ्या हटवल्यावर रोपे आपोआप उगवू लागली. म्हणूनच आम्ही कुंपणासाठीही पैसे मागतो आहोत. आमच्या मते तो खर्च वृक्षारोपणाच्या समारंभापेक्षा केव्हाही सत्कारणी लागतो.

आता कामाचे. पाइनचा शंकू परागणानंतर साधारण दोन वर्षांनी पिकतो. हिरवा रंग उतरून तपकिरी झाक आली, पण खवले अजून मिटलेले आहेत, एवढाच काळ तो काढता येतो. खवले उघडले की पंखवाले बी उडून जाते. दोन झाडांमध्ये निदान शंभर मीटर अंतर हवे, कारण शेजारची झाडे बहुधा सख्खी भावंडे असतात. झाडाचे स्वतःच्याच परागांनी फलन झाले तर बरेचसे गर्भ आतच मरतात. ब्लेडने बी आडवे कापले की लगेच दिसते: चांगल्या बीमध्ये पांढरा, गच्च मगज, नाहीतर नुसती पोकळी. आणि कृपा करून फक्त सरळ, देखणी झाडे निवडू नका. वाकडे, बुटके, कड्यावर तग धरलेले झाडही यादीत हवे. त्याच्याकडे काय आहे हे आज आपल्याला ठाऊक नाही.

दोरावर चढण्याचे रीतसर प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक सर्वांत आधी हवेत. शिडी लावून हौसेने चढणाऱ्यांना आम्ही परवानगी देणार नाही. बसून काम करणाऱ्यांनाही भरपूर वाव आहे: शंकू सावलीत जाळीवर वाळवणे, बी झाडून घेणे, पंख चोळून काढणे, नोंदवही लिहिणे. प्रत्येक झाडाचे बी शेवटपर्यंत वेगळ्या पिशवीत राहिले पाहिजे, त्यामुळे सुवाच्य अक्षर असणारा माणूस आमच्या दृष्टीने सोन्यासारखा. जंगलाचा कोणता भाग नैसर्गिक आणि कोणता नंतर लावलेला, हे सांगू शकणाऱ्या वडीलधाऱ्यांनी एकदा सोबत फेरी मारावी, ही विशेष विनंती.

वस्तुरूपाने सुती पिशव्या, चिठ्ठ्या, हवाबंद डबे आणि एक चालू स्थितीतला डीप फ्रीझर मिळाला तर मोठे काम होईल. ओलावा आठ टक्क्यांच्या आत आणून उणे १८ अंश सेल्सिअसला ठेवलेले पाइनचे बी कित्येक दशके उगवणक्षम राहते. मध्ये वीज गेली तर मात्र पंचाईत, म्हणून बॅटरीचाही खर्च धरला आहे. रोख देणगी कितीही चालेल. पावती मिळेल आणि हंगाम संपल्यावर जमाखर्च समितीच्या फलकावर लागेल.

शंकू तयार होत आले आहेत, तेव्हा नावे या आठवड्यातच नोंदवा. आणि येताना जुने कपडे घाला. हाताला लागलेला डिंक तेलाने निघतो, सदऱ्यावरचा सहसा निघत नाही.