नकाशा काढणारा आणि घर बांधणारा एकाच गाळ्यातले: पायाच्या तपासणीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,
गृहबांधणी सेवा विभाग, नाशिक

विषय: आर्किटेक्ट व ठेकेदार यांच्या निवडीत झालेली दिशाभूल आणि पायाची न झालेली तपासणी

महोदय,

आपल्या ग्राहक प्रतिनिधीने आज दुपारी माझा फोन मध्येच ठेवला आणि संध्याकाळी अ‍ॅपवर ‘ग्राहकाचे समाधान झाले’ असा शेरा मारून माझी तक्रार बंद केली. समाधान झालेल्या त्या ग्राहकाचे म्हणणे आता लेखी स्वरूपात वाचावे.

आपण काय विकता हे आपणास ठाऊक आहेच. आर्किटेक्ट आणि ठेकेदार यांचा परस्परांशी आर्थिक संबंध नसेल, आणि पाया, जोते व स्लॅब या प्रत्येक टप्प्यावर आर्किटेक्टने प्रत्यक्ष पाहणी करून लेखी मंजुरी दिल्याशिवाय पुढचे काम होणार नाही, या एका कलमासाठी मी आपल्याकडे आले. एरवी पाथर्डी शिवारात घर बांधून देणारे ठेकेदार मला शेजारीपाजारी चौकशी करूनही मिळाले असते आणि आपल्यापेक्षा स्वस्तात मिळाले असते. चौरस फुटामागे जो जादा दर मी मान्य केला तो विटा-सिमेंटसाठी नव्हता. एकाच्या कामावर दुसऱ्याची नजर राहावी, यासाठी होता.

प्रत्यक्षात दोघांच्या पावत्यांवर कॉलेज रोडच्या एकाच इमारतीतील एकच गाळा क्रमांक छापलेला आहे. हे निदर्शनास आणून दिल्यावर ‘समन्वय सोपा जावा म्हणून ते एकत्र बसतात’ असे उत्तर मिळाले. समन्वय उत्तम झाला आहे, यात शंका नाही, कारण खड्डा कमी खोदण्याबाबत दोघांचेही संपूर्ण एकमत दिसते.

आरसीसी नकाशात फुटिंगची, म्हणजे कॉलमखालच्या पायाची, खोली सहा फूट किंवा पक्का मुरूम लागेपर्यंत, यांपैकी जी जास्त असेल ती, असे स्पष्ट लिहिले आहे. खोदाई चार फुटांच्या आसपास थांबवली गेली आणि तळाशी काळी माती उघड दिसत असताना त्यावर पीसीसी, म्हणजे सळयांविना साधे काँक्रीट, ओतण्यात आले. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ही माती घराच्या भिंतींचे काय करते, हे आपल्या मुकादमालाही माहीत असणार; त्याला विचारण्याची तसदी कोणी घेतली नाही, इतकेच. पुढे मी तपासणी अहवाल मागितला, तेव्हा अ‍ॅपवर आर्किटेक्टच्या सहीचा अहवाल आला. त्यासोबतच्या छायाचित्रात खड्ड्यामागे मोठे कडुलिंबाचे झाड आहे. माझ्या प्लॉटवर आणि त्याच्या चारही बाजूंना साधी बाभूळदेखील नाही.

ज्या गृहस्थांची ओळख ‘आपले आर्किटेक्ट’ अशी करून देण्यात आली, त्यांचा कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांकही मी मागितला आहे. आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट, १९७२ नुसार नोंदणीशिवाय कोणालाही हे बिरुद लावता येत नाही. क्रमांक अद्याप आलेला नाही. मात्र अ‍ॅपवर त्यांचे पद गुपचूप ‘डिझाइन प्रमुख’ असे झाले आहे.

आता आजच्या फोनविषयी. मी फुटिंगच्या खोलीचा प्रश्न विचारला. प्रतिनिधी म्हणाले, “मॅडम, हे जरा टेक्निकल आहे.” मी म्हटले, चालेल, टेक्निकलच सांगा. त्यावर क्षणभर थांबून ते म्हणाले, “घरात कोणी जेन्ट्स आहेत का बोलायला? सरांना फोन देता का?” मी त्यांना शांतपणे सांगितले की प्लॉट माझ्या नावावर आहे, करारावर सही माझी आहे, धनादेश माझ्या खात्याचे आहेत आणि मी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले आहे, त्यामुळे चार आणि सहा यांतला फरक मला समजतो. ते हसले. खरोखर हसले, आणि म्हणाले, “तसं नाही हो मॅडम, सरांना समजावलं की ते तुम्हाला नीट समजावतील.” माझे यजमान संस्कृतचे प्राध्यापक होते, पायात पीसीसी कशाला ओततात, हे तेच मला विचारत असत. हयात असते तर त्यांनीही फोन माझ्याकडेच दिला असता. मी वरिष्ठांशी बोलण्याची मागणी करताच फोन ठेवण्यात आला. आपण कर्मचाऱ्यांना सौजन्याचे प्रशिक्षण देता असे आपल्या माहितीपुस्तिकेत वाचले. ते बहुधा फक्त ‘सरां’साठी असावे.

पुन्हा सांगते, माझी मूळ तक्रार हसण्याची नाही. तपासणारा आणि तपासला जाणारा एकाच गाळ्यात बसतात, आणि त्या तपासणीचे पैसे माझ्याकडून घेतले गेले, ही आहे. आपल्या नावावर विश्वास ठेवून मी माझ्या बहिणीलाही आपल्याकडे पाठवणार होते. तिला आता वेगळा सल्ला दिला आहे.

माझ्याशी किंवा या ठेकेदाराशी संबंध नसलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आपल्या खर्चाने सर्व फुटिंग उघडून तपासावीत आणि जिथे पक्का मुरूम लागलेला नाही तिथले काम काढून पुन्हा करावे. नोंदणीकृत आणि स्वतंत्र आर्किटेक्ट नेमावा, पर्यवेक्षणापोटी घेतलेली रक्कम परत करावी आणि कडुलिंबाचा तो अहवाल कोणाच्या प्लॉटचा आहे याचा लेखी खुलासा करावा. ज्यांचा तो प्लॉट आहे, त्यांनाही तो कळणे बरे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी नाशिक जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘सेवा’ या व्याख्येत घरबांधणीचा समावेश आहे, हे आपल्या कायदा विभागाला ठाऊक असेलच. दोन्ही पावत्या, छायाचित्र आणि आपल्या अ‍ॅपवरील समाधानाचा शेरा मी जपून ठेवला आहे.

तोपर्यंत कॉलमच्या सळया उभ्या करण्यास कोणालाही पाठवू नये. प्लॉटच्या फाटकाला मी कुलूप लावले आहे आणि पुढचा हप्ता बँकेला सांगून थांबवला आहे.

आपली,
करारावर सही असलेली ग्राहक
पाथर्डी शिवार, नाशिक