तक्रार: इंजिनचं फाउंडेशन गेलंय आणि तुमचे लोक स्कॅनर दाखवतायत

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख

तुमच्या हेल्पलाइनशी बोलून आत्ताच फोन ठेवला. "स्कॅनमध्ये कोड नाही, म्हणजे दोष नाही. तक्रार बंद करतोय," असं मला सांगण्यात आलं. कोड म्हणजे स्कॅनर गाडीला जोडला की दिसणारा बिघाडाचा क्रमांक. दोष आहे. तो इंजिनच्या फाउंडेशनमध्ये, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवणाऱ्या रबरी माउंटिंगमध्ये आहे हेही मला माहीत आहे आणि तुमच्या माणसांनी तो बघायला नकार दिला, म्हणून हे पत्र थेट तुम्हाला लिहितेय.

गाडी तुमच्याच कंपनीची, जुनी, चार सिलिंडरची पेट्रोल ऑटोमॅटिक. आजवरचं सगळं सर्व्हिसिंग तुमच्या अधिकृत सेंटरला झालंय, नोंदी तुमच्याकडे आहेत. ब्रेकवर पाय ठेवून डीमध्ये (ड्राइव्ह) उभी असली की स्टिअरिंग थरथरतं, डॅशबोर्ड खडखडतो, आरसा इतका हलतो की मागचं वाहन नीट दिसत नाही. एसी लावला की आणखी वाढतं. न्यूट्रलला टाकली की बरंच कमी होतं. डीमधून आरला (रिव्हर्स) टाकताना खालून 'धाड्' आवाज येतो, एक्सलेटर सोडला की पुन्हा ठोका. हे सगळं मी पहिल्याच जॉब कार्डवर लिहून दिलं होतं. तुम्ही गाड्या बनवता. एवढं वाचल्यावर आधी फाउंडेशन बघायचं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तुमच्या सेंटरने काय केलं? स्पार्क प्लग बदलले. थ्रॉटल बॉडी साफ केली. मग इग्निशन कॉइल बदलल्या. दर वेळी बिल हातात आणि थरथर तशीच. इंजिन मिसिंग असतं, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नसता, तर न्यूट्रललाही अडखळलं असतं आणि स्कॅनरवर मिसफायरचे आकडे चढले असते. आकडे शून्य आहेत, तुमच्याच कागदावर छापलेत. मग मिसिंगवरचे उपाय माझ्या गाडीवर कशासाठी केलेत?

आता काउंटरवर जे झालं ते सविस्तर सांगते, कारण ते मला अजून विसरता येत नाही.

सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला मी म्हटलं, बॉनेट उघडून फाउंडेशन बघा. तो स्क्रीनवरून मान न काढता म्हणाला, "मॅडम, गाडीचं वय झालंय. वय झालं की माणसाचेही हात थरथरतात." शेजारचे दोघं हसले. मी हटले नाही. शेवटी त्याने एका मेकॅनिकला बोलावलं. त्या मुलाने चाकांना अडकण लावली, हँडब्रेक ओढला, ब्रेक दाबून धरला आणि हलकी रेस देत डी-आर, डी-आर केलं. मी बाजूला उभी होते. इंजिन उजवीकडून चांगलंच उचललं जात होतं आणि परत आपटत होतं. तो मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, "फाउंडेशन गेलंय." अ‍ॅडव्हायझरने त्याला तिथल्या तिथे दुसऱ्या गाडीवर पाठवून दिलं.

उजवीकडचं माउंटिंग हायड्रॉलिक, म्हणजे आत फ्लुइड भरलेलं आहे. त्याच्याखाली चॅसिसवर काळा ओघळ होता. मी दाखवला तर अ‍ॅडव्हायझरने फडक्याने पुसून टाकला आणि म्हणाला, "वॉशिंगचं पाणी असेल." मी उरलेल्या ओघळाला बोट लावलं, तेलकट होतं. म्हणजे ते पाणी नव्हतं, आतलं फ्लुइड गळलेलं असू शकतं. त्यानंतर त्या माणसाने माझ्यासमोर नव्या गाडीचं माहितीपत्रक ठेवलं. मी दुरुस्तीला आले होते, गाडी घ्यायला नाही.

बराच वाद घातल्यावर खालचा टॉर्क रॉड, म्हणजे इंजिनला पुढे-मागे झुलू न देणारा दांडा, तेवढा बदलून दिला. थरथर वाढली. वाढणारच. उजवं माउंटिंग बसलेलं, इंजिन खाली झुकलेलं आणि त्याच स्थितीत रॉडचे बोल्ट आवळले. रॉडमधलं नवं रबरी बुश पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहिलं आणि सगळे हादरे थेट बॉडीत यायला लागले.

बाहेरच्या मेकॅनिकने ऑइल सम्पखाली (इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी) लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिन जरासं उचललं, टॉमी (लोखंडी पहार) घालून दाखवलं. उजवीकडे रबर लोखंडापासून सुटलंय, मध्ये फट स्पष्ट दिसते. गिअरबॉक्सकडच्या माउंटिंगला आडव्या चिरा आहेत. टॅपेट कव्हरमधून (इंजिनच्या वरच्या झाकणातून) झिरपणारं ऑइल उजव्या माउंटिंगवर ठिबकतंय आणि इंजिन ऑइलने रबर फुगून नरम पडतं. ही गळती तुमच्याच आधीच्या जॉब कार्डवर नोंदलेली आहे. नोंद करणाऱ्याला ते ऑइल कुठे पडतंय हे बघावंसं वाटलं नाही?

पुन्हा सांगते, कारण फोनवर एकालाही ते पटलं नाही: माझ्या गाडीच्या फाउंडेशनला सेन्सर नाही. त्याचा कोड कधीच येणार नाही. स्कॅनरला फाटलेलं रबर दिसत नाही, ते बॉनेट उघडून डोळ्यांनीच बघावं लागतं. आणि हा नुसता थरथरीचा त्रास नाही. एक माउंटिंग गेलं की त्याचा भार बाकीच्यांवर पडतो. इंजिन असं हलत राहिलं तर सायलेन्सरचा फ्लेक्स पाइप फाटतो, होज आणि वायरिंग ताणलं जातं, ड्राइव्हशाफ्टचे जॉइंट झिजतात. त्यांची बिलंही मीच भरायची का?

मला हवंय ते असं. टॅपेट कव्हरची गळती आधी थांबवा. उजवं आणि गिअरबॉक्सकडचं माउंटिंग एकदमच बदला, अर्धवट नको. तुमच्या मॅन्युअलमध्ये जे बोल्ट पुन्हा वापरू नका म्हटलंय ते नवे घाला आणि टॉर्क पान्यानेच, म्हणजे ठरलेल्या मापाच्या जोरानेच आवळा. इंजिन आपल्या जागी मोकळं बसल्यावरच टॉर्क रॉडचे बोल्ट पक्के करा. तो नवा रॉड पिळून खराब झाला असेल तर तुमच्या खर्चाने बदला. काढलेले जुने भाग माझ्या हातात द्या. आणि गरज नसताना बदललेल्या प्लग-कॉइलचे पैसे परत करा.

घरातली पहिली गाडी तुमचीच होती, ही दुसरी. ओळखीच्यांनाही मी तुमचंच नाव सुचवत आले. ते आता बंद. लेखी उत्तर आलं नाही तर सगळी जॉब कार्डं, स्कॅनचे कागद आणि त्या फाटलेल्या रबराचे फोटो घेऊन मी ग्राहक तक्रार निवारणाकडे जाणार आहे. उत्तर गाडी समोर ठेवून, बॉनेट उघडून बघितलेल्या इंजिनिअरच्या सहीचं हवं. हेल्पलाइनचा फोन नको.

आपली ग्राहक