पाळकबाई, त्या खाकी पाकिटांसाठी

आदरणीय पाळकबाई,
सप्रेम जय ख्रिस्त.

हे पत्र उघड लिहितोय, कारण तुम्ही जे केलंत ते कुठल्याही मंडळीला करता येण्यासारखं आहे. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या पट्ट्यात कंत्राटी कामगाराला उद्यापासून येऊ नको असं सांगायला दोन मिनिटं पुरतात. त्यानंतर त्याच्या घरात काय काय बंद पडतं, ते फार थोड्या लोकांनी नीट पाहिलंय. तुम्ही पाहिलंत.

काम सुटलेला माणूस दुधाचा रतीब बंद करण्याआधी चर्चला यायचं बंद करतो. पुष्कळांना वाटतं, त्याचा विश्वास डळमळला. तसं नसतं. दानाचं गीत सुरू होतं, थैली बाकाबाकावरून सरकत येते, आणि खिशात दहाची नोटही नसली की ती तशीच पुढे द्यावी लागते. शेजारच्याला दिसतं. मग दोन-तीन रविवार तो रिकामी मूठच थैलीत घालून काढून घेतो. चौथ्या रविवारी तो येत नाही. पुढच्या महिन्यात बायको येत नाही, आणि संडे स्कूलमधून पोरांची नावं गळतात.

तुम्ही पाकिटं आणलीत. उपासनेआधी दारातच प्रत्येकाच्या हातात एक. कमिटीच्या वडीलमंडळींपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळ्यांना सारखंच. जाड खाकी कागदाचं, कारण पातळ पांढऱ्या पाकिटातून नोट दिसते. नाणी घालायची नाहीत, कारण ती वाजतात. वर नाव नाही, नंबर नाही, रकमेची चौकट नाही. प्रत्येकात पेन्सिलीने लिहिता येईल असा एक कोरा कागद. ज्याला द्यायचं त्याने नोट ठेवावी, ज्याला अडचण आहे त्याने कागदावर लिहावी, ज्याला दोन्ही नाही त्याने पाकीट तसंच चिकटवावं. थैलीत प्रत्येक हातातून एक पाकीट पडतं, आणि देणारा कोण, मागणारा कोण, हे बाकावरच्या कुणालाच कळत नाही. मोजायला फक्त दोघं बसतात. पैसे खजिनदाराकडे जातात आणि कागद न वाचता थेट तुमच्याकडे. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, हे वचन सगळ्यांना पाठ आहे. त्यासाठी कागद किती जाड हवा याचा विचार तुम्ही केलात, बाई. हे लिहितानाही डोळे भरून येतात.

याआधी मदत आलीच नव्हती असं नाही. एका ठिकाणहून किट आले. बॅनर लावला, एकेकाला पुढे बोलावून फोटो काढला, आणि आत पाच किलो कणीक, एक लिटर तेल. घरातला सिलिंडर संपलाय का, हे कुणी विचारलं नाही. दुसऱ्या एका सभेत घर, गल्ली, नवऱ्याचं नाव घेऊन मोठ्याने प्रार्थना झाली. संध्याकाळपर्यंत घरमालकाला कळलं आणि दुसऱ्या दिवशी तो भाड्याला दारात उभा. तिसऱ्यांनी बायबलमधलं वचन ऐकवलं : काम न करणाऱ्याने खाऊ नये. थेस्सलनीकाकरांना पौलाने जे लिहिलं, ते काम करायची इच्छाच नसलेल्यांबद्दल आहे. ज्याला कुणी कामावर घेत नाही, त्याच्यावर ते फेकून मारणं हा वचनाचाच अपमान आहे. उपाशी माणसाला ‘सुखाने जा’ म्हणून नुसतं वाटेला लावणाऱ्यांना याकोबाने आपल्या पत्रात काय सुनावलंय, तेही त्यांनी जरा वाचावं.

तुमची प्रार्थना सकाळी साडेसहाला, दहा मिनिटांची. त्यानंतरही माणूस वेळेवर कंपनीच्या गेटवर पोचतो. एक स्तोत्र, थोडी शांतता, प्रभूची प्रार्थना. साक्ष द्यायला कुणाला उभं करत नाही. मध्यस्थीच्या प्रार्थनेत नावं न घेता कामं घेता : टर्नर, फिटर, वेल्डर, पॅकिंगवाल्या बाया, कँटीनमधली पोरं, लोडिंगचे हमाल. ‘बेकार’ हा शब्द तुमच्या तोंडून एकदाही आला नाही. हातातलं काम गेलं तरी हातातली कला गेलेली नाही, हे त्या यादीतून ऐकू येतं. आणि रोजची भाकर ‘आम्हांला’ दे असं म्हणायचं, ‘मला’ नाही, यावर तुम्ही दर वेळी थांबता.

बाकी मदतीचा हिशोब इथे मांडत नाही. पण गोंदे-मुसळगावला मुलाखतीला जायचं बसभाडं, झेरॉक्स आणि फोटोचे पैसे तुम्ही किराण्याच्या बरोबरीने धरलेत, ते फार नेमकं होतं. तसंच पीएफचं. आधारवर ‘समुवेल’ आणि कंपनीच्या रेकॉर्डला ‘सॅम्युएल’, एवढ्यावरून आपल्या लोकांचे दावे अडकतात. बाप्तिस्म्याचं नाव एक आणि शाळेच्या दाखल्यावरचं दुसरं असलं तर आणखी घोळ. काहींची काम सोडल्याची तारीख कंत्राटदाराने भरलेलीच नव्हती. शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती तारीख कामगाराला स्वतः ऑनलाइन भरता येते, हे तुम्ही तरुण संघाच्या पोरांना शिकवलंत, आणि ती मोबाइल घेऊन घरोघर गेली. कोण कुठल्या धर्माचा, हे कुणी विचारलं नाही. शेजारच्या हिंदू, बौद्ध, मुसलमान घरांतही ती तशीच गेली.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यातला द्राक्षमळा नाशिककरांना समजावून सांगावा लागत नाही. छाटणीला, काढणीला पहाटे माणसं कशी गोळा करतात, आणि उन्हं वर आली तरी नाक्यावर कोण उरतं, हे इथे सगळ्यांनी पाहिलंय. त्या दाखल्यातला धनी अकराव्या तासाला, म्हणजे पाचच्या सुमारास, पुन्हा बाहेर पडतो आणि विचारतो, दिवसभर रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हांला कुणी कामावर लावलं नाही. पुढे उलटतपासणी नाही. सकाळी काय करत होता, दारू पितोस का, आधीचं काम का सुटलं, काही नाही. त्यांचं उत्तर तो खरं मानतो, मळ्यात पाठवतो आणि संध्याकाळी पूर्ण दिवसाची मजुरी देतो. तुमच्या त्या कोऱ्या कागदावरही ‘कारण’ असा रकाना नाही.

आपल्या शहरात ही रीत जुनीच आहे म्हणा. एकोणिसाव्या शतकात मिशनने शरणपूर वसवलं, तेव्हा गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे आणली आणि त्यांना हातचे धंदे शिकवले. नुसतं जेवू घालून थांबले नाहीत. आज शरणपूर रोडवरून रोज हजारो माणसं जातात. त्या नावात ‘शरण’ आहे, हे तुमच्यामुळे पुन्हा आठवलं.

बाई, काहींना आता काम लागलंय, काहींना अजून नाही. ज्यांना लागलंय त्यांनी मिळून खाकी पाकिटांचे पाच गठ्ठे घेतलेत, प्रत्येकी शंभर. तोच जाड कागद, आणि आत कोरे चिटोरे घालून ठेवलेत. वेस्ट्रीच्या, म्हणजे चर्चमधल्या पाळकांच्या खोलीतल्या, कपाटात वरच्या फळीवर आहेत. संपत आली की संडे स्कूलच्या एखाद्या पोराकडून निरोप पाठवा.

आपले,
सातपूर-अंबडमधली काम सुटलेली आणि पुन्हा लागलेली कुटुंबं