त्रिपुरी पौर्णिमेचा चंद्र आणि मोबाइलवरचे इशारे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

५ नोव्हेंबरच्या त्रिपुरी पौर्णिमेचा चंद्र २०२५ मधील सर्व पौर्णिमांमध्ये पृथ्वीच्या सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे ३ लाख ५७ हजार किलोमीटरवर होता. तो पाहण्यासाठी प्रतापनगरातील आमच्या गच्चीवर चार-पाच बिऱ्हाडे जमली होती. पण चंद्र वर येण्याआधीच मोबाइलवर इशारे येऊ लागले. आज भूकंपाचा संभव आहे, रक्तदाबाच्या रुग्णांनी जपावे, घरात मनोरुग्ण असल्यास लक्ष ठेवावे, असा त्यांचा मजकूर होता. शेजारच्या एका सुनेला तर दिवस गेले आहेत म्हणून खालीच बसवून ठेवले. हे पत्र त्यासाठीच लिहीत आहे.

‘चंद्र समुद्राला ओढतो, मग पाण्याने भरलेल्या शरीराला का ओढणार नाही?’ हा युक्तिवाद सुशिक्षितांच्याही तोंडी असतो. भरती येते ती पृथ्वीच्या जवळच्या आणि दूरच्या बाजूंना चंद्राची ओढ कमी-अधिक बसते म्हणून. हा फरक जाणवायला पृथ्वीचा पावणेतेरा हजार किलोमीटरचा व्यास लागतो. साडेपाच फुटी माणसाच्या डोक्यापासून पायापर्यंत तो नसल्यातच जमा असतो. शिवाय चंद्र दर साडेसत्तावीस दिवसांनी आपल्या कक्षेतील जवळच्या बिंदूपाशी येतोच. त्या दिवशी पौर्णिमा नसली तर त्याची कोणी दखलही घेत नाही.

भूकंपासाठी नेहमी जपानचा दाखला दिला जातो. तेथील मोठा भूकंप ११ मार्च २०११ रोजी झाला आणि जवळची पौर्णिमा होती १९ मार्चला. भूकंपाच्या दिवशी चंद्र अर्धाही झालेला नव्हता आणि पाचच दिवसांपूर्वी आपल्या दूरच्या बिंदूवरून निघाला होता.

चंद्राचा खरा परिणाम उजेडाचा आहे, आणि तो विदर्भाला चांगला ठाऊक आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबा, पेंचच्या पाणवठ्यांवर मचाणावर बसून प्राणी मोजतात ते चांदण्याच्या भरवशावर. पौर्णिमेच्या आसपास प्रकाश सापळ्यांत पतंग कमी येतात, कारण लख्ख चांदण्यात दिव्याची मातब्बरी उरत नाही. पौर्णिमेआधीच्या काही रात्री माणसे उशिरा झोपतात आणि कमी झोपतात, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले, तेही वीज नसलेल्या वस्तीत आणि अमेरिकेतील शहरातही. म्हणजे परिणाम अजिबातच नाही असेही म्हणता येणार नाही. पण थोडी झोप उडणे वेगळे आणि वेड लागणे वेगळे.

आकाराबाबतही थोडी अतिशयोक्ती होते. अशा जवळच्या पौर्णिमेचा चंद्र चौदा टक्के मोठा आणि तीस टक्के तेजस्वी असतो असे सांगतात, पण हे आकडे वर्षातील सर्वांत दूरच्या पौर्णिमेच्या तुलनेत असतात. नेहमीच्या पौर्णिमेशी फरक याच्या निम्माच. झाडांच्या आणि इमारतींच्या मागून उगवताना चंद्र परातीएवढा वाटतो, तो दृष्टिभ्रम आहे.

येत्या ४ डिसेंबरला, दत्तजयंतीच्या रात्री, चंद्र जवळजवळ इतकाच मोठा दिसेल. त्या दिवशीच्या अंकात आपण नागपूरची चंद्रोदयाची वेळ आणि चंद्राचे अंतर ठळकपणे छापावे, आणि गर्भवतीने चंद्र पाहिल्यास काही होत नाही, हे एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाच्या शब्दांत सोबत द्यावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, प्रतापनगर, नागपूर