बाटलीवरच्या चिठ्ठीसाठी आभार

आदरणीय संग्रहपाल महोदया,
सप्रेम नमस्कार.

आमच्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीतील सरपटणाऱ्या प्राण्यांचे पान पूर्ण झाले, ते मुख्यतः आपल्यामुळे. मुंबईतील बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) हॉर्नबिल हाउसमध्ये आपण आम्हांला दिलेल्या वेळेबद्दल समितीच्या वतीने हे जाहीर आभारपत्र लिहीत आहे.

साताऱ्याच्या पठारांवर उन्हाळ्यात दगडावर बसून गळ्याखालचा निळा, काळा आणि नारिंगी पडदा फुलवणारा सरडा आमच्याकडे सर्वांनी पाहिलेला आहे. तो ‘सरडा सुपर्बा’ ही स्वतंत्र जाती असल्याचे मात्र शास्त्रज्ञांनी २०१६ साली प्रसिद्ध केले, आणि तेही चाळकेवाडीच्या पठारावरील नमुन्यांवरून. त्याआधी हे सगळे सरडे ‘सिताना’ या एकाच प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) गणले जात होते. आपण संग्रहातील नमुन्यांच्या जुन्या आणि नव्या बाटल्या शेजारी ठेवून खवल्यांच्या ओळी भिंगातून मोजायला लावल्या, तेव्हा ही विभागणी कशाच्या आधारावर होते ते आम्हांला प्रथमच समजले. मद्यार्कात गळ्याचा रंग उडून जातो, म्हणून जिवंतपणीचे छायाचित्र हवे. फॉर्मॅलिनमुळे डीएनए खराब होतो, म्हणून यकृताचा तुकडा आधीच वेगळा काढून शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवायचा. आणि ठिकाण व तारीख लिहिलेली चिठ्ठी हरवली, तर नमुना कितीही सुबक असला तरी त्याचा अर्धा उपयोग संपला, हे आपण ज्या कळकळीने सांगितले, ती कळकळ आमच्या शाळांतील विज्ञानाच्या तासाला मिळाली असती तर बरे झाले असते.

या चिठ्ठीचे मोल आम्हांला विशेष वाटते, कारण आमच्या भागातील कातळाची पठारे महसुली कागदांत बहुधा ‘पडीक’ म्हणून दाखवलेली असतात; तेथे काय जगते याचा पुरावा अशी चिठ्ठीच देते. कासच्या फुलांमुळे त्या पठाराकडे जगाचे लक्ष गेले. पण जवळच्याच चाळकेवाडीवर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. तेथे झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले. परिणामी सरडे संख्येने वाढलेले, पण अंगाने रोडावलेले आणि माणूस जवळ आला तरी सहज न पळणारे दिसले. जातीची ओळख आधी पक्की झालेली होती, म्हणूनच हा बदल नेमका कोणत्या प्राण्यात झाला ते नावानिशी सांगता आले. सरडे वाढले म्हणजे सारे आलबेल आहे, असा निष्कर्ष वरवर पाहणाऱ्याने सहज काढला असता.

आमचे काही तरुण सदस्य उत्साहाने नमुने पकडून आणायला निघाले होते. परवानगीशिवाय वन्यप्राण्याला हात लावू नये आणि आमच्या कामाला छायाचित्र, अक्षांश-रेखांश व तारीख पुरेशी आहे, हे आपण त्यांना न रागावता समजावलेत, याबद्दल त्यांच्या पालकांकडूनही आभार. ते तरुण आता नोंदी इतक्या काटेकोर ठेवतात की ग्रामसेवकांनी त्यांच्याकडून शिकावे.

नोंदवहीच्या संबंधित पानाची प्रत आणि छायाचित्रे सोबत जोडली आहेत. दोन ठिकाणांची समुद्रसपाटीपासूनची उंची भरायची राहिली आहे. मे महिन्यात नर पुन्हा गळे फुलवू लागले की तेथे जाऊन ती मोजू आणि आपल्याला कळवू.

आपला कृतज्ञ,
सदस्य, जैवविविधता व्यवस्थापन समिती,
जिल्हा सातारा