'मदरबोर्ड गेला' म्हणण्याआधी निदान तरी व्हावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टी लागली की अकोल्यातल्या माझ्यासारख्या दुरुस्ती करणाऱ्यांच्या टेबलावर गेम कन्सोलची, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांची, रांग लागते आणि त्यांपैकी बहुतेकांची तक्रार एकच असते: यंत्र चालू होते, पण चालू राहत नाही. एखादा सोनी कंपनीचा प्लेस्टेशन ४ 'बीप' असा आवाज करून निळा दिवा दाखवतो आणि दोन-चार सेकंदांत विझतो. दुसरा अर्धा तास सुरळीत चालून ऐन सामन्याच्या मध्यावर बंद पडतो. माझ्याकडे येण्याआधी ही यंत्रे बहुधा एखाद्या दुकानातून फिरून आलेली असतात आणि तिथे पालकांना 'मदरबोर्ड (यंत्राचा मुख्य सर्किट बोर्ड) गेला, आता नवीनच घ्या' असे सांगितलेले असते. जानेवारी २०१४ मध्ये प्लेस्टेशन ४ भारतात विक्रीला आला तेव्हा त्याची किंमत ३९,९९० रुपये होती. मध्यमवर्गीय घराने विचार करून, कित्येकदा हप्त्यांवर घेतलेली एवढ्या मोलाची वस्तू साध्या तपासणीवाचून भंगारात जावी हे मला पटत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

कन्सोल बंद पडतो ही तक्रार सर्वांची सारखी असली, तरी तो नेमका केव्हा बंद पडतो याचे उत्तर प्रत्येक घरी वेगळे असते आणि निदानाची निम्मी वाट त्या उत्तरातच असते. या यंत्रांमध्ये तापमान, विजेचा दाब आणि प्रवाह यांवर सतत लक्ष ठेवणारी व्यवस्था असते आणि मर्यादा ओलांडली गेली की ती आतल्या महागड्या चिपा जळू नयेत म्हणून पुरवठा तोडते. त्यामुळे बटण दाबताच बंद, खेळ रंगल्यावर बंद, घरातला फ्रिज किंवा पंप सुरू होताच बंद, की अमुक एक गेम उघडला तरच बंद, हे मालकाने चार दिवस कागदावर टिपून ठेवले, तर दुरुस्ती करणाऱ्याचे कष्ट आणि स्वतःचे पैसे दोन्ही वाचतात.

सर्वांत आधी भिंतीकडे पाहावे. प्लेस्टेशन ४ च्या आतला वीजपुरवठ्याचा भाग १०० ते २४० व्होल्टपर्यंत काम करण्यासाठी बनवलेला आहे, त्यामुळे दाब थोडा कमी-अधिक झाल्याने तो बंद पडत नाही. पण सैल सॉकेटमध्ये क्षणभर संपर्क तुटला तर तो लगेच बंद पडतो. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राउटर आणि कन्सोल हे सारे एकाच स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डवर लावलेले असेल, तर कन्सोल तिथून काढून थेट भिंतीवरच्या सॉकेटला लावून पाहावा. त्याच्या बहुतेक मॉडेलांना लागणारी आठच्या आकाराच्या दोन छिद्रांची केबल दुसऱ्या उपकरणांनाही चालते, तेव्हा ती बदलून पाहायलाही खर्च येत नाही. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांनी त्याच्या मागच्या बाजूला 'यूपीएस' असा पर्याय असलेला खटका आहे का ते पाहावे, कारण साध्या पद्धतीत वीज गेल्यानंतर बॅटरीवर जाईपर्यंत जो अल्पसा खंड पडतो तो पंख्याला जाणवत नाही, कन्सोलला मात्र जाणवतो. प्लेस्टेशन ५ मध्ये टीव्ही बंद केल्यावर कन्सोलही विश्रांतीच्या अवस्थेत जावा अशी सोय सेटिंगमध्ये आहे. ती चालू असताना घरातल्या दुसऱ्या कुणी टीव्ही बंद केला, तर तो बिघाड समजू नये.

आता उष्णतेचे. विदर्भासाठी हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. प्लेस्टेशन ४ साठी कंपनीने खोलीचे तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअसपर्यंत असावे असे सांगितले आहे. मे महिन्यात अकोला, नागपूर आणि चंद्रपूर येथे पारा ४५ अंशांच्या घरात असतो आणि स्लॅबखालच्या बंद खोलीत दुपारी चार वाजता ३५ अंशांची मर्यादा कधीच मागे पडलेली असते. त्यात आपल्याकडे कन्सोल टीव्ही युनिटच्या काचेच्या कप्प्यात, देखणा दिसावा म्हणून भिंतीला चिकटवून ठेवतात. या यंत्राची गरम हवा मागून बाहेर पडते. तिला जागा मिळाली नाही तर तीच हवा पुन्हा आत ओढली जाते, पंख्याचा आवाज वाढत जातो, पडद्यावर यंत्र फार तापल्याची सूचना येते आणि शेवटी पुरवठा तुटतो. वीस मिनिटे ते तासाभराच्या खेळानंतर बंद पडणाऱ्या आणि थंड झाल्यावर पुन्हा चालू होणाऱ्या कन्सोलचे दुखणे बहुधा हेच असते. तो कप्प्यातून काढून टेबलावर, चहूबाजूंनी वीतभर जागा सोडून ठेवला आणि बंद पडण्याची वेळ लांबली, तर निदान झाले असे समजावे.

यावर उपाय म्हणून अनेक घरांत कन्सोल कूलरच्या झोतात ठेवला जातो. कृपया असे करू नये. कूलरची हवा दमट असते, तिच्याबरोबर धूळही आत जाते आणि ओल धरलेली धूळ हीटसिंकच्या (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या) बारीक पात्यांमध्ये घट्ट बसते. झाकण उघडल्यावर दिसणारे दृश्य मला पालकांना मुद्दाम दाखवावेसे वाटते: पंखा मोकळा आणि फिरता असतो, पण पंखा आणि पाती यांच्या मध्ये करड्या धुळीचा सलग थर बसलेला असतो, जो चिमट्याने धरून एका तुकड्यात उचलता येतो. त्या थरामागे हवा जातच नाही. पुढे चिपवरची थर्मल पेस्ट पाहावी, तर काही वर्षांच्या वापरानंतर ती वाळून पानाच्या डब्यातल्या जुन्या चुन्यासारखी भुगा झालेली असते. चिपची उष्णता हीटसिंकपर्यंत पोहोचवणे हे तिचे काम असते आणि वाळल्यावर ते तिला जमत नाही. धूळ काढून, जुनी पेस्ट पुसून, नवी लावली की असे कित्येक कन्सोल पुन्हा पूर्वीसारखे चालतात. या कामात मदरबोर्डला हातही लावावा लागत नाही.

घरी ब्लोअरने धूळ उडवायची असेल तर यंत्र प्लगमधून काढून, पंख्याचे पाते काडीने अडवून मगच हवा मारावी. जोराच्या झोताने पंखा भरधाव फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होते. प्लेस्टेशन ५ मध्ये बाहेरचे झाकण काढल्यावर धूळ जमा होण्यासाठी मुद्दाम ठेवलेली छिद्रे दिसतात, ती तिथूनच साफ करता येतात. त्याच्या चिपवर मात्र पेस्टऐवजी द्रवरूप धातू असतो आणि तो सांडला तर बोर्डावर शॉर्ट होऊ शकतो, म्हणून त्याहून आत नवख्याने जाऊ नये.

चालू होताच विझणाऱ्या कन्सोलची तपासणी वेगळी असते. प्रथम एचडीएमआय केबल, यूएसबीला लावलेले सारे काही आणि आत घातलेली गेमची डिस्क काढून फक्त विजेच्या केबलवर तो चालू करावा. तेवढ्याने तो टिकला तर एकेक वस्तू परत लावत जावी, म्हणजे दोषी कोण ते कळते. समोरचे यूएसबी पोर्ट टॉर्चच्या प्रकाशात नीट पाहावे. मुलांनी चार्जिंगची केबल उलटी दाबून घुसवलेली असते, त्यामुळे आतली एखादी सोनेरी पट्टी वाकून पोर्टच्या धातूच्या कडेला टेकते आणि यंत्र शॉर्ट समजून पुरवठा तोडते. वाकलेली पट्टी जागेवर आणणे किंवा पोर्ट बदलणे हे मदरबोर्ड बदलण्याच्या मानाने फार किरकोळ काम आहे. त्यानंतर हार्ड डिस्क. प्लेस्टेशन ४ ची हार्ड डिस्क लॅपटॉपमध्ये असते तशी अडीच इंची आहे आणि ती मालकाने स्वतः बदलावी अशीच रचना कंपनीने ठेवली आहे. डिस्क काढल्यावर कन्सोल बंद न पडता 'साठवण सापडत नाही' अशा अर्थाचा संदेश दाखवून चालू राहिला, तर संशय डिस्कवर घ्यावा. अमुक एका गेमवर किंवा अपडेटच्या वेळी अडखळून बंद पडणाऱ्या यंत्रासाठी, बंद अवस्थेत पॉवरचे बटण सुमारे सात सेकंद, दुसरी 'बीप' येईपर्यंत दाबून धरावे. सेफ मोड उघडतो आणि त्यात डेटाबेस पुन्हा बांधण्याचा पर्याय असतो, ज्याने जतन केलेला खेळ पुसला जात नाही. त्याच यादीत सर्व काही पुसून टाकणारे पर्यायही आहेत, म्हणून घाईने बटण दाबू नये.

एवढे करूनही यंत्र टिकत नसेल तर आतला वीजपुरवठा संशयास्पद ठरतो आणि इथे घरच्या प्रयोगांनी थांबावे. २३० व्होल्टचे रूपांतर झाल्यावर या भागातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यानंतरही ते काही काळ राहू शकतात. हा भाग बंद डब्यात असतो. तो उघडण्याची गरज नाही, अख्खा बदलता येतो. मल्टिमीटर असलेल्या कोणत्याही कारागिराने त्यातून १२ व्होल्ट येतात का आणि भार पडल्यावर ते कोसळतात का, हे पाहूनच मदरबोर्डविषयी मत द्यावे. सारे काही तपासून झाल्यावर बोर्डच गेला असे निघाले, तर तसे जरूर सांगावे. काही वेळा तेच खरे असते.

याउलट चिपवर हीट गनने गरम हवा मारून 'झाले, चालू आहे' म्हणून पैसे घेण्याची जी पद्धत आहे, ती बंद व्हायला हवी. तिचा उगम एक्सबॉक्स ३६० च्या काळात आहे. नोव्हेंबर २००५ मध्ये आलेल्या त्या कन्सोलमध्ये तीन लाल दिवे पेटून यंत्र निकामी होण्याचे प्रकार इतके वाढले की जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला त्या दोषासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवावी लागली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून अधिक रकमेची तरतूद करावी लागली. वारंवार तापण्या-निवण्याने चिपच्या आतल्या जोडण्या तडकत होत्या. त्या वेळी लोक कन्सोल टॉवेलमध्ये गुंडाळून मुद्दाम तापवत. तो काही दिवस चालेही, कारण तडकलेली जोडणी तात्पुरती टेकत असे, आणि मग पुन्हा बंद पडत असे. आज दुकानात हीट गनने केले जाते ते त्याच जातीचे काम आहे. ग्राहक खूश होऊन घरी जातो आणि महिन्याभरात तेच यंत्र, आता खरोखरच दुरुस्तीपलीकडे गेलेले, परत येते.

ग्राहकाच्या हाती कायद्याने काही साधने दिलेली आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेचे बिल देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे, त्यामुळे दुरुस्तीचे बिल मागावे आणि त्यावर काय तपासले, काय आढळले व काय बदलले हे लिहून घ्यावे. काढलेला जुना भागही परत मागावा. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. यंत्र दुकानात देण्याआधी जतन केलेले खेळ पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावेत, कारण प्लेस्टेशन ४ ची हार्ड डिस्क तिच्या मूळ बोर्डाशी बांधलेली असते आणि बोर्ड बदलल्यावर तो मजकूर वाचता येत नाही.

सरकारकडेही एक मागणी आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, शेती अवजारे, मोबाइल-टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे पोर्टलही सुरू केले. गेम कन्सोलचा मात्र त्यात स्वतंत्र विचार नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि मिनेसोटा या राज्यांनी २०२३ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे कायदे करताना गेम कन्सोल स्पष्टपणे वगळले. आपण त्यांचे अनुकरण करण्याचे कारण नाही. कंपन्यांनी भारतात वीजपुरवठा, पंखा आणि पोर्ट हे भाग सुट्या स्वरूपात विकावेत, तपासणीची पुस्तिका स्वतंत्र कारागिरांना उपलब्ध करून द्यावी आणि ३५ अंशांची मर्यादा खोक्यावर मराठीसह स्थानिक भाषांत ठळक छापावी, एवढे बंधन घालणे विभागाला अवघड नाही. आपल्या दैनिकाने हा विषय ग्राहक संघटनांपुढे आणि जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींपुढे मांडावा, अशी विनंती करतो.

आपला नम्र,
एक इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती व्यावसायिक, अकोला